‘विस्तारित मेमरी’ म्हणजे नेमकी कुठली?

देवगडकर:
सोसायटीचं जुनं ३८६ मशीन, म्हणजे इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा संगणक, माळ्यावरून उतरवलाय. शेजारी मराठीत माहितीची पाटी लावायची आहे. अडलोय एका शब्दावर. एक्स्पांडेड मेमरी आणि एक्स्टेंडेड मेमरी, आमच्या जुन्या टिपणात दोन्हींना ‘विस्तारित स्मृती’च लिहून ठेवलंय. कुणाला काय म्हणावं?

खाडीपलीकडचा:
पहिल्या पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या ओळी (मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारा) २०, म्हणून पोहोच १ एमबी. त्यातले ६४० केबी डॉस (तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि प्रोग्रॅमला, वरचे ३८४ केबी पडदा, बायोस (मशीन सुरू करणारा अंगचा प्रोग्रॅम) नि कार्डांसाठी राखीव. लोटस वन-टू-थ्री या हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅमची मोठी वर्कशीटं त्यात मावेनात. मग १९८५ साली लोटस आणि इंटेलने ईएमएस काढली, म्हणजे वेगळ्या कार्डावरची मेमरी पानापानाने दाखवायची पद्धत; पाठोपाठ मायक्रोसॉफ्टही आली. ती एक्स्पांडेड. पुढच्या २८६ प्रोसेसरला मात्र ओळीच २४, १६ एमबीपर्यंत पत्ते. तिथली १ एमबीच्या वरची ती एक्स्टेंडेड. पण डॉस रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८८च्याच १ एमबीच्या चालीने चालणारा, त्याला ती वापरताच येईना.

आपल्याकडचं सांगायचं तर घराला मागे पडवी काढली, ती एक्स्टेंडेड. सलग, त्याच छपराखाली. फक्त जुना गडी माजघराच्या पुढे जात नाही. एक्स्पांडेड म्हणजे बागेतला मांगर. आंब्याच्या पेट्या तिथे रचलेल्या, ओटीवर जागा चारच पेट्यांची. पाचवी हवी तर एक परत पाठवा. ओटी म्हणजे ६४ केबीची पेज फ्रेम, वरच्या राखीव भागातली खिडकी; तीत १६-१६ केबीची चार पानं, हिशेब तोच.

राजापूर-रत्नागिरी:
छान, पण एक खोट आहे. पेटी हलतच नाही. कार्ड फक्त ओटीचं दार दुसऱ्या पेटीसमोर फिरवतं. डेटा उचलून आणावा लागला असता तर एवढ्या पटकन पान बदललं नसतं.

जुनी पोथी:
व्युत्पत्ती पाहिली तर गंमत आहे. ‘एक्स्टेंड’मधला लॅटिन धातू आपल्या ‘तन्’चा भाऊ: तंतू, वितान, ताणणे. म्हणजे ती ‘ताणलेली’. ‘विस्तार’ हा ‘स्तृ’वरून, पसरण्याचा, म्हणून ‘एक्स्पांडेड’ला जवळचा. पण त्यातून वापरणाऱ्याला काडीचाही बोध होत नाही. मुळात इंग्रजीतच ही दोन नावं अडाणीपणे ठेवलेली. आपण ती जोडी निष्ठेने का सांभाळायची? काम बघून नाव द्या: ‘सलग वाढीव’ आणि ‘पानपालटी’.

राजापूर-रत्नागिरी:
पानपालटी चालेल. आधी मी ‘पाळीची मेमरी’ सुचवणार होतो, बरं झालं थांबलो.

देवगडकर:
आता कळलं १९९२-९३च्या सुमारास आमचं काय झालं होतं. मशीनमध्ये ४ एमबी रॅम, तरी हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू करताना म्हणायचा, एक्स्पांडेड मेमरी नाही. विकणारा म्हणाला, आणखी रॅम घ्या. दोन दिवसांनी मुंबईहून आलेल्या भाच्याने कॉन्फिग डॉट सिस, म्हणजे सुरू होताना डॉस वाचतो ती फाइल, उघडून दाखवली: ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरच्या ओळीत शेवटी ‘नोईएमएस’. तो शब्द खोडून तिथे ‘रॅम’ लिहिलं, मशीन पुन्हा चालू केलं, प्रोग्रॅम धावला. एक पैसा लागला नाही.

खाडीपलीकडचा:
बरोबर. नोईएमएस म्हणजे ६४० केबीच्या वरच्या मोकळ्या फटी ड्रायव्हरांना द्या, पण पेज फ्रेम मांडू नका. ती न मांडल्याने ६४ केबी वाचतात, म्हणून विकणाऱ्याने ते टाकलं असेल. त्याच्या बाजूने एवढंच बोलता येईल.

देवगडकर:
मग शेवटचा प्रश्न. या ३८६मध्ये वेगळं कार्डच नाही. इथली ईएमएस कुठून आली?

खाडीपलीकडचा:
एक्स्टेंडेडमधूनच. ईएमएम३८६ तिचीच पानं करून पेज फ्रेममध्ये उभी करतो. प्रोग्रॅमला वाटतं, समोर कार्डच आहे.

जुनी पोथी:
म्हणजे दशावतारातला स्त्रीपार्टी. दाढी करून, लुगडं नेसून बसला की प्रेक्षक काही विचारत नाहीत.

देवगडकर:
पाटीवर ‘सलग वाढीव’ आणि ‘पानपालटी’, खाली बारीक अक्षरात अनुक्रमे एक्सएमएस (एक्स्टेंडेड वापरायची पद्धत), ईएमएस. लुगड्याचं तोंडी सांगेन.