बेसबॉलला जपानमधला परका खेळ का म्हणायचे?

निरंजन (धागाकर्ता):
सुमो, ज्युदो पारंपरिक आणि बेसबॉल आयात, ही जपानी खेळांची सर्रास केली जाणारी वाटणी मला मान्य नाही. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतल्या विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला १८७२ साली, तर कानो जिगोरो यांनी कोदोकान ही ज्युदोशाळा स्थापून या खेळाची घडी बसवली १८८२ साली. कोशिएन या बेसबॉल मैदानावर ऑगस्टमध्ये होणारी शालेय स्पर्धा तर जपानी माणसाच्या उन्हाळ्याचा भागच झाली आहे. सामन्याच्या आरंभी आणि अखेरीस भोंगा वाजतो, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहून वाकून नमस्कार करतात, आणि हरलेली मुले डोळे पुसत मैदानातली काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. हे सारे जपानने स्वतः घडवले आहे.

मृदुला:
सनावळी बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. कानो यांनी ज्युदो घडवला तो जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीविद्येच्या घराण्यांतून. बेसबॉलला तिथे असे मूळ नाही. सुमोत तर वरच्या श्रेणीतला मल्ल आखाडा शुद्ध करण्यासाठी मीठ उधळतो आणि वर जपानच्या शिंतो धर्माच्या देवळासारखे छत टांगलेले असते. ती उपासना आहे, आणि लोकप्रियतेच्या मापाने ती मोजता येणार नाही.

निरंजन:
मग ती उपासना चालवली कोणी? १९९८ मधल्या वाकानोहानानंतर २०१७ मध्ये किसेनोसातो येईपर्यंत जपानमध्ये जन्मलेला एकही मल्ल योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च श्रेणीचा मल्ल, झाला नाही. तो काळ गाजवला मंगोलियाच्या असाशोर्यू आणि हाकुहो यांनी.

मृदुला:
यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. हे मल्ल जपानी नाव घेतात, शेंडी बांधतात, तालमीच्या शिस्तीत राहतात. ४५ स्पर्धा जिंकणाऱ्या हाकुहोने २०१९ मध्ये जपानी नागरिकत्वही घेतले. बाहेरच्यांना आपल्या रीतीत सामावून घेण्याची ताकद परंपरेतच असते.

केतकी:
मृदुलाताई, त्या रीतीत स्त्रियांना जागा कुठे आहे? २०१८ मध्ये मायझुरू शहरात तिथले महापौर सुमोच्या आखाड्यातच कोसळले, प्रथमोपचारासाठी स्त्रिया धावल्या, आणि त्यांना खाली उतरण्यास ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. उलट कोशिएनने, उशिरा का होईना, २०२१ मध्ये मुलींच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या मैदानावर होऊ दिला. ज्या खेळात बदलाला वाव आहे तोच मला आजच्या जपानचा खेळ वाटतो.

मृदुला:
मायझुरूची घोषणा अक्षम्यच होती, आणि सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी त्याबद्दल क्षमाही मागितली. मात्र हौशी सुमोत जपानी मुली आजही लढतात. अडवणूक व्यावसायिक सुमोच्या संघटनेची आहे. तिच्यापायी सुमो हा खेळच जपानने मागे टाकावा, हे मला मान्य नाही.