शब्दचर्चा : ‘गंजरोधक पिशवी’ म्हणजे नेमकी कोणती?

पणजी : संग्रहालयाच्या भांडारासाठी मराठी सूचनापत्रक लिहायचं आहे. ‘बॅरियर फिल्म’ला (धातूच्या वस्तू ठेवायच्या, वाफ-वायू अडवणाऱ्या पटलाला) ‘गंजरोधक पिशवी’ आणि ‘कॉरोजन’ला सरसकट ‘गंज’ चालेल का?

फोंडा : गंज लोखंडाचाच. चांदी काळी पडते, तांब्या-पितळेवर कळंक चढतो. आणि कळकतं ते भांडं नव्हे, त्यातलं ताक. तेव्हा ‘समई कळकली’ लिहू नका. शिशावरच्या पांढऱ्या भुकटीला (लाकडी कपाटातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने येते ती) ‘पांढरी भुकटी’च म्हणा. सर्वांना मिळून शब्द हवा तर ‘क्षरण’.

कळंकातही भेद आहे. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असू द्यावा. पण फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी झाडूनही पुन्हा येत असेल, तर धातूत क्लोराइड दडलं आहे. तो ‘कांस्यरोग’. पत्रकात या दोहोंना एकच शब्द वापरला, तर कोणीतरी चांगला थर खरवडून काढील.

मडगाव : ‘गंजरोधक’ मुळीच नको, त्या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात. मार्व्हलसील, एस्कल ही पटलं वाफ आणि वायू अडवतात. तांब्याचे कण मिसळलेलं पॉलिथिन गंधकाचे वायू स्वतःवर घेतं, म्हणजे आतली चांदी वाचते. तिसरा, रसायनाची वाफ सोडणारा कागद, तो यंत्रांच्या सुट्या भागांसाठी. जुन्या वस्तूंना परीक्षेशिवाय लावू नये. पहिल्याला ‘रोधपटल’, दुसऱ्याला ‘शोषक पिशवी’ म्हणा. झिपच्या पिशवीला ‘हवाबंद’ही म्हणू नका, साध्या पॉलिथिनमधून पाण्याची वाफ हळूहळू पाझरते.

पणजी : ‘रोधपटल’ आवडला. पावसाळ्यात त्यात वस्तू घातली की झालं ना?

मडगाव : नाही. रोध दोन्ही बाजूंनी असतो, आत कोंडलेली ओल आतच राहते. गोव्यात जुलैत हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. तीच हवा कोंडली तर पटल निरुपयोगी. म्हणून सोबत सुकवलेलं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रतादर्शक पट्टी हवीच. उत्खननातल्या लोखंडासाठी आर्द्रता 20 टक्क्यांखाली ठेवा.

मार्व्हलसीलची पॉलिथिनची बाजू आत, समोरासमोर ठेवून उष्णतेने सील करा; बाहेरची नायलॉनची बाजू नीट चिकटत नाही. ॲल्युमिनियमचा थर घडीवर तडकतो, तेव्हा कडक घडी घालू नका आणि टोकदार कोपऱ्यांखाली पॉलिथिनचा फोम द्या. पीव्हीसी, लोकरी नमदा आणि रबर बँड आत नकोत. पिशवी चारेक बोटं लांब कापा, म्हणजे उघडल्यावर कापून पुन्हा सील करता येते. मार्व्हलसील अपारदर्शक आहे. पट्टी बाहेरून वाचायची असेल तर एस्कल घ्या.

फोंडा : ‘सील करणे’ तसंच ठेवा. ‘मुद्रित करणे’ लिहिलंत तर लोक छापखाना समजतील.