क्यू हातात, यू नाही: भाच्याचे शब्द खरे की थापा?

मनीमाऊ
मंडळी, स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) खेळणारं कुणी आहे का इथे? माझं इंग्रजी बरं आहे, निदान परवापर्यंत तरी मला तसं वाटत होतं. भाचा चौदा वर्षांचा. त्याने पहिल्या डावात नुसतं 'क्यू-आय' लावलं. म्हणे 'ची', चिनी लोकांची प्राणशक्ती. पुढच्या डावात 'सी-डब्ल्यू-एम'. अरे, स्वर कुठाय यात? मी चॅलेंज केलं, शब्द कोशात निघाला, माझी खेळी गेली. वर शेवटी दहा गुणांचा क्यू माझ्याच गळ्यात, आणि त्याच्या जोडीला लागतो तो यू नाही. भाच्याच्या टाइल आधी संपल्या, त्यामुळे माझे दहा वजा आणि त्याला दहा जास्त. हरले किती गुणांनी? अकरा!

असले शब्द पाठ करायचे तर सुरुवात कुठून करू? आणि यांना शब्द तरी म्हणायचं का?

रिकामी टाइल
भाचा खरं बोलतोय. सी-डब्ल्यू-एम म्हणजे 'कूम', हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्ट चढणाऱ्यांना खुंबूचा हिमप्रपात ओलांडल्यावर 'वेस्टर्न कूम' लागते, तीच ही. शब्द मूळचा वेल्श. त्या भाषेत डब्ल्यू स्वराचंही काम करतो, म्हणून आपल्याला दिसत नाही तो स्वर त्यांना दिसतो.

सुरुवात दोन अक्षरींपासून करा. कॉलिन्सच्या (स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांचा कोश) २०१९ च्या यादीत ते १२७ आहेत, उत्तर अमेरिकेच्या यादीत त्याहून कमी. महिनाभरात होतात. 'क्यू-आय' तर सोनं आहे (अमेरिकेत २००६ पासूनच चालतं, त्याआधी तिकडचे लोकही तुमच्यासारखेच क्यू घेऊन बसायचे). समजा पटावर आडवं 'टॅक्सी' आहे. त्याच्या शेवटच्या आयच्या बरोबर वरचं घर तिप्पट अक्षराचं (तिथल्या अक्षराचे गुण तिप्पट) असेल तर क्यू तिथे ठेवा, त्याच्या उजवीकडे तुमचा आय. आडवं क्यू-आय, उभंही क्यू-आय. एकतीस दुणे बासष्ट, दोन टाइलांत!

शब्दखोर
मला हे घोकंपट्टीचं स्क्रॅबल पटत नाही. अर्थ माहीत नसलेला शब्द लावणं म्हणजे परीक्षेत कॉपी. शिवाय अर्थ कळला की शब्द विसरत नाही. 'ए-ए' म्हणजे हवाईतला खडबडीत लाव्हा, 'ए-आय' म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ. रॅकवर (आपल्या हातातल्या टाइलांत) सगळे स्वरच आले की हे दोघे कामाला येतात, मला तर तो झाडाला लटकलेला स्लॉथ लगेच डोळ्यांसमोर येतो.

मनीमाऊ, तुम्हाला क्यूचे निम्मे शब्द आधीच येतात. 'फकीर' के घालून लिहिला तर १२ गुण, क्यू घालून १७, दोन्ही चालतात. 'तलाक'च्या शेवटी क्यू, 'निकाब'च्या मध्ये क्यू. हे दोन कॉलिन्सच्या यादीत आहेत. क्यू नसेल आणि जे असेल तर आपलं 'ज्ञान' आहेच: जे-एन-ए-एन-ए. पाच टाइलांत जेमतेम बारा गुण, पण लावताना काय वाटतं!

रिकामी टाइल
कॉपी कसली? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. वरच्या पातळीवर शब्द म्हणजे टाइलांचा आकार, बाकी काही नाही. स्लॉथ घरी ठेवा.

शब्दखोर
रिचर्ड्सची गोष्ट वेगळी. आपण रिचर्ड्स नाही.

अवांतरराव
'झेड-झेड-झेड' पण चालतो, घोरण्याचा. फक्त झेड एकच असतो, म्हणजे दोन्ही ब्लँक (कुठल्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या, शून्य गुणांच्या कोऱ्या टाइल) घालवायच्या आणि मिळवायचे दहा. मी एकदा केलंय. घरात अजून हसतात.

मनीमाऊ
सगळ्यांचे आभार. दोन अक्षरी निम्मे झाले. 'एक्स-यू' आणि 'एक्स-आय' यांची गल्लत होतेय. आज क्यू पुन्हा माझ्याकडे आला. आय होता, पण तिप्पट घर काही मोकळं मिळेना. मग त्याच्याच एका 'ए'ला धरून फकीर लावला, क्यूवाला, दुप्पट शब्दाच्या घरावरून: ३४. भाचा म्हणाला, "मावशी, स्पेलिंग चुकलं. के असतो." मी म्हटलं, कर चॅलेंज.

त्याने केलं.