मदत हवी आहे: कोथरूडजवळ मराठी बोलणारी थेरपिस्ट, आणि अश्वगंधेबद्दल
नमस्कार मंडळी, माझी थेरपिस्ट बंगलोरला शिफ्ट झाली, ऑनलाइन चालू ठेवू म्हणाली पण आमच्या वन बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये सिरीयल बघत असताना मी काय बोलणार डोंबल, दोनदा पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून सेशन केलं तर वॉचमनकाका विचारायला आले, ताई बरं आहे ना?

तर कोथरूड-कर्वेनगरला समोरासमोर भेटणारी, मराठीत बोलता येईल अशी कोणी माहितीये का? जीव घुसमटतो हे इंग्रजीत सांगताना निम्मं तिथेच संपतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशनवालीच सांगा, वीकेंड कोर्सवाले नकोत.

दुसरं, माझं बी१२ १४० आलं (शाकाहारी, अजून काय), डी पण कमी, त्याचं आठवड्याला ६०,००० चं सॅशे डॉक्टरांनी दिलंय. आता जाऊबाई अश्वगंधेची डबी घेऊन आल्यात, मूडला छान म्हणे. मी एस्सिटालोप्राम १० वर आहे (डिप्रेशन-अँग्झायटीवरची गोळी), त्याच्यासोबत सेंट जॉन्स वर्ट (मूडसाठी घेतात ती वनौषधी) अजिबात चालत नाही एवढं माहितीये, पण अश्वगंधा? कोणी आपल्या सायकियाट्रिस्टला विचारून घेतलीये का, ते काय म्हणाले? माझी अपॉइंटमेंट १५ दिवसांनी आहे, तोवर डबी फ्रीजवर तशीच पडून.

'गोळ्या सोड, प्राणायाम कर' वाल्यांनी प्लीज पुढे सरका.