सिंहस्थाआधी फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचा की 50 एमएम लेन्सवर भागवायचं?

गोदाकाठ
2027 चा नाशिकचा सिंहस्थ जवळ येतोय तशी ज्याला त्याला फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्स सोडून) हवी झालीय. माझं मत सरळ आहे. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा चालू कॅमेरा हातात असेल, मग तो दहा वर्षं जुना का असेना, तर बॉडी बदलू नका. पैसे लेन्समध्ये घाला.

हिशेब बघा. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला कॅमेऱ्याबरोबर येणारी 18-55 किट लेन्स 55 वर एफ/5.6 च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). 50 एमएम एफ/1.8 त्याहून सव्वातीन स्टॉप जास्त उघडते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). किटवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे म्हणजे नॉइज वाढतो) 6400 ला 1/60 सेकंदाचं शटर मिळत असेल, तर हिच्यावर 1600 ला 1/125 आरामात मिळतो. उलट क्रॉपवरून फुल फ्रेमवर गेलात तर फायदा जेमतेम सव्वा स्टॉपचा, कारण सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण 2.35 पटच वाढतं. एका बाजूला लाखाच्या घरातला खर्च, दुसऱ्या बाजूला साध्या मोबाईलपेक्षा स्वस्त लेन्स.

आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर कसा वागतो ते आधी शिका. काळारामाचं देऊळ काळ्या दगडाचं. फ्रेम त्या दगडाने भरली की मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो, दगड राखाडी होतो आणि पुढे उभ्या माणसाचं पांढरं धोतर पार फाटतं, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस 1 ठेवा (फोटो एक स्टॉप गडद), हायलाइट अलर्ट (फाटलेला भाग दाखवणारा इशारा) चालू करा, रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढा. हे कुठल्याही बॉडीवर फुकट आहे.

कॉलेजरोडकर
गणित बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. क्रॉपवर 50 एमएम एफ/1.8 ने दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात तर शार्प पट्टा (पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं तेवढा भाग) मिळतो 11-12 सेंटीमीटरचा. आरतीचं तबक चेहऱ्यापासून हातभर पुढे असतं. डोळे शार्प तर ज्योत गेली, ज्योत शार्प तर चेहरा लोण्यासारखा. दोन्ही हवे असतील तर लेन्स एफ/4 पेक्षाही बंद करावी लागते, मग तुमचे सव्वातीन स्टॉप कुठे राहिले? आयएसओ परत 6400 च्या वर, आणि तिथे मोठा सेन्सरच लागतो.

पाणथळ
@कॉलेजरोडकर, थांबा. फुल फ्रेमवर तीच फ्रेमिंग ठेवायची तर 75-80 एमएमची लेन्स लावणार ना? मग त्याच ॲपर्चरला (एफ आकड्याला) पट्टा आणखी अरुंद होतो. क्रॉपइतकी पट्ट्याची खोली मिळवायला सव्वा स्टॉप बंद करावं लागेल, म्हणजे सेन्सरने दिलेला सव्वा स्टॉप तिथेच संपला. खोलीच हवी असेल तर फुल फ्रेमचा काही उपयोग नाही. तुमचाच मुद्दा तुमच्या विरोधात जातो.

कॉलेजरोडकर
मान्य, नॉइजचा मुद्दा सोडतो. पण फोकसचं काय? जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) भरवशाचा क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा फोकस पॉइंट बहुतेक मधलाच एक. त्याने डोळा पकडायचा आणि मग कॅमेरा सरकवून फ्रेम लावायची, तेवढ्यात माणूस झुलतो आणि 12 सेंटीमीटरचा पट्टा कानावर जातो. नवी मिररलेस (आरसा नसलेली बॉडी) कडेला असलेला डोळाही धरून ठेवते. आरतीत एक क्षण असतो, दुसऱ्यांदा मिळत नाही. आणि नवी म्हणजे फुल फ्रेमच असं मी म्हणत नाहीये. नवी क्रॉप मिररलेसही चालेल. विरोध आहे तो "बॉडी बदलू नका" या सरसकट उपदेशाला.

गोदाकाठ
झुलणाऱ्या माणसाला ऑटोफोकस हवाच कशाला? गर्दीत झोन फोकस करा. क्रॉपवर किट लेन्स 24 एमएमला, एफ/8, फोकस साडेतीन मीटरवर लॉक. पावणेदोन मीटरपासून पार पलीकडच्या काठापर्यंत सगळं शार्प. किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतात, म्हणून साडेतीन मीटरवरच्या खांबावर ऑटोफोकस करायचा आणि स्विच मॅन्युअलवर टाकायचा. मग झूम रिंगला धक्का लागू द्यायचा नाही, बहुतेक किट लेन्सचा फोकस झूमबरोबर सरकतो. चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

कॉलेजरोडकर
एफ/8 दुपारी. आरतीला नाही. तुम्ही सोयीने वेळ बदलताय.

फिक्सडलेन्स
दोघंही एलईडी विसरलात. घाटावर आता हॅलोजन कुठे राहिलेत? आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मिररलेस सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरवर ठेवून 1/500 ने काढलंत तर फोटोत आडवे पट्टे येणारच. मेकॅनिकल शटर लावा आणि 1/100 किंवा 1/50 ठेवा. जाहिरातीच्या डिजिटल बोर्डांना हा उपाय पुरत नाही, त्यांची लुकलुक वेगळीच असते. ते फ्रेमबाहेर ठेवा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको. ज्योतीचं रंग-तापमान 2000 केल्विनच्या आसपास, ऑटो कधी तो नारिंगी रंग धुऊन काढतो तर कधी शॉटगणिक बदलतो. 4000 ला लॉक करा. ज्योत पिवळी-नारिंगी राहते आणि पांढरे एलईडी थोडे निळसर होतात. ते चांगलं दिसतं.

भद्रकाली
एवढं सगळं वाचलं. आता कोणीतरी सांगा, हे शार्प, पट्टे नसलेले फोटो नक्की कशाचे? जटा, भस्म, चिलीम आणि धूर. सिंहस्थ संपला की असे हजारो फोटो पडून राहणार, आणि त्यातला नाशिकचा कुठला हे कॅप्शन काढलं तर ओळखू येणार नाही. प्रयागचेही तसेच, उज्जैनचेही तसेच.

काळाराम काढताना सगळे शिखर काढतात. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, सत्याग्रही दरवाजांशी बसले, आणि लढा पुढे काही वर्षं चालला. त्या दरवाजांचा, उंबरठ्याचा, आज तिथून आत जाणाऱ्या पावलांचा नीट फोटो कितीजणांनी काढलाय? त्यासाठी एफ/1.8 लागत नाही. सकाळचा तिरपा उजेड पुरतो.

गोदाकाठ
@भद्रकाली, हे मान्य. पण उंबरठ्यावरून जाणाऱ्या पावलांना किती शटर? 1/250 ला पाय गोठतो आणि फोटो मेल्यासारखा दिसतो. 1/15 ला दगड स्थिर, पाऊल धूसर. कॅमेरा जमिनीलगत, पिशवीवर टेकवून. तंत्र सोडून अर्थ येत नाही.

भद्रकाली
येतो, फक्त वेळ लागतो. गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती घ्या. पूर किती आला हे नाशिककर त्याच्यावरून सांगतात, पाणी गुडघ्याला की कमरेला की गळ्याला. उंचावरची एक जागा ठरवा, जिथे पुराचं पाणी पोचणार नाही. जमिनीवर खूण करा. तीच लेन्स, कॅमेरा त्याच उंचीवर, फ्रेमच्या कडेला एक न हलणारी गोष्ट, पायरी किंवा कठडा, रोज त्याच ठिकाणी. वर्षभर काढा. कॅप्शनला तारीख आणि त्या दिवशीचा गंगापूर धरणाचा विसर्ग, क्युसेकमध्ये. बस. दादासाहेब फाळके (जन्म त्र्यंबकेश्वरचाच, 1870) यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ कॅमेऱ्यात टिपली तीसुद्धा एकाच जागेवरून रोज थोडी थोडी. हे मोबाईलवरही होतं. अट एकच, 1x सोडून झूम करायचा नाही, नाहीतर फ्रेम जुळत नाही.

पाणथळ
मोबाईलचं दुतोंड्यापुरतं ठीक. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात तो घेऊन जा बघू. उडत्या बदकाला 400 एमएम आणि 1/2000 लागतंच, तिथे लेन्सला पर्याय नाही. मात्र ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग कितीही महाग लेन्स असो, लांबचा पक्षी मऊच येतो. लोक लेन्स सर्व्हिसला देतात! पहाटे पोचा, सूर्य पाठीशी घ्या, नऊ-साडेनऊला पॅक करा. महाग लेन्स लावून अकराला फोटो काढण्यापेक्षा जुन्या 55-250 लेन्सने सातला काढलेला बरा.

कॉलेजरोडकर
आता एक मुद्दा ज्याला कोणी हात लावला नाही. सिंहस्थाची मुख्य स्नानं पावसाळ्यात. स्वस्त 50 एमएमला माउंटपाशी (लेन्स बॉडीला जोडते तिथे) रबरी सील नसतं आणि जुन्या साध्या बॉडीलाही नसतं. श्रावणातल्या सरीत तुमचा सव्वातीन स्टॉपचा फायदा वाहून गेला तर? सील असलेली बॉडी आणि सील असलेली लेन्स, दोन्ही हवं. एकाला असून उपयोग नाही.

गोदाकाठ
जाड प्लास्टिकची पिशवी. तळाला लेन्स हूडपेक्षा थोडं लहान भोक पाडा, हूड बाहेर काढा, वरून रबर बँड. व्ह्यूफाइंडरसाठी मागून उघडी. पावसात लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर कोरड्या कपड्याने पुसा, बॅटरी-कार्ड काढा, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि मग ड्राय बॉक्समध्ये, आर्द्रता 40 ते 50 टक्के. डबा नसेल तर हवाबंद बरणी आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करा, फक्त तो तवा पोळ्यांना वापरू नका. ओला कॅमेरा तसाच कातडी बॅगेत कोंबलात तर बुरशी लागते, सील असलेल्यालाही.

कॉलेजरोडकर
पिशवीत पाच मिनिटांत आतून वाफ धरते आणि डायल दिसत नाहीत.

फिक्सडलेन्स
खालून बोटभर फट ठेवा, वाफ धरत नाही. डायल आधीच लावून घ्या: मॅन्युअल, 1/250, एफ/5.6, आयएसओ ऑटो, कमाल 3200. ढगाळ दिवसाला पुरतं. समोरच्या काचेवर थेंब पडला तर शर्टाने पुसू नका, ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा.