व्यायामाची सुरुवात : आधी टेकडी की आधी वजने?

नवशिका :
माझे वय चाळिशीच्या पुढे आहे. हिंजवडीतील नोकरीत दिवस खुर्चीवर जातो आणि यंदाच्या तपासणीत रक्तातील साखर काठावर आल्यामुळे डॉक्टरांनी व्यायाम सुरू करायला सांगितले आहे. जिममधील प्रशिक्षक पहिल्या आठवड्यापासून वजने उचलायला सांगतात, तर पुण्यातील तळजाई टेकडीवर नेमाने फिरणारी ज्येष्ठ मंडळी म्हणतात की आधी सहा महिने नुसते चाला, मग वजनांचे बघा. कोणाचे ऐकावे? शिवाय पोट उतरवण्यासाठी पोटाचेच व्यायाम करावेत का, अंग दुखले तर थांबावे का आणि प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

टेकडीकर :
ज्येष्ठांचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू थोड्या दिवसांत जोर धरतात. पण स्नायू हाडांना बांधणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात आणि नेमक्या याच काळात उत्साहाच्या भरात वजन वाढवले की खांदा किंवा गुडघा धरतो. चालण्याला पैसे पडत नाहीत आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी साखरेची उसळी कमी होते. जानेवारीत जिममध्ये उभे राहायला जागा नसते आणि होळीपर्यंत तेथे शुकशुकाट होतो, हे पुण्यात सगळेच पाहतात. आधी सवय अंगी मुरू द्या.

तालीमवाला :
सहा महिने थांबण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि वयाच्या तिशीनंतर, वापर नसेल तर, तेच हळूहळू झडू लागतात. म्हणजे ज्याची साखर काठावर आहे त्यालाच थांबायला सांगणे उलटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. ‘आधी हे, मग ते’ असे त्यात कुठेही नाही. आपल्या पेठांतील तालमींतही नव्या पोराला पहिल्या दिवसापासून जोर-बैठकाच काढायला लावत.

जिम नको असेल तर घरीच सुरुवात करा. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, दोन पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवा, हातांचा आधार न घेता उठा आणि परत बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. जोर जमिनीवर जमत नसतील तर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून काढा. ते सोपे वाटू लागले की ओट्याऐवजी पलंगाची कड धरा.

टेकडीकर :
ओट्यावरच्या जोरांना माझी हरकत नाही. माझी चिंता श्वास रोखून जड वजन उचलण्याची आहे, कारण त्या क्षणी रक्तदाब झपाट्याने चढतो. नवख्याला हे कोणी सांगतेच असे नाही. ज्यांना स्वतःचा रक्तदाब माहीत नाही, त्यांनी आधी तो मोजून घ्यावा, एवढे तरी मान्य कराल?

फिजिओ, कोथरूड :
रक्तदाबाचा मुद्दा बरोबर आहे. जोर लावताना श्वास सोडायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे. पण चालणे म्हणजे सौम्य आणि वजने म्हणजे धोक्याची, ही विभागणी खरी नाही. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना दम लागतो, मांड्या मात्र दुसऱ्या दिवशी दुखतात त्या उतरल्यामुळे. कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. असे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत जोर धरते आणि आपोआप ओसरते. त्या काळात हलके चालत राहावे. सांध्यात टोचल्यासारखे दुखले किंवा सूज आली तर मात्र थांबावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, तेथलीच चरबी निवडून उतरत नाही.

तालीमवाला :
प्रोटीनचे राहिले. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री वरण-भात एवढ्यावर हा आकडा गाठणे कठीण आहे. दोन अंडी, वाटीभर जास्त उसळ, दही, पनीर किंवा सोयाबीन यांनी तो गाठता येतो. पावडरचा डबा वाईट नव्हे, पण आधी ताट सुधारावे.

टेकडीकर :
ताटाबद्दल पूर्ण सहमत. सहा महिन्यांचा माझा आग्रह मी सहा आठवड्यांवर आणायला तयार आहे, त्याहून खाली नाही.

तालीमवाला :
मी एक दिवसही थांबू देणार नाही. नवशिका, उद्या सकाळी तळजाईला जरूर जा, पण घराबाहेर पडण्याआधी खुर्चीवरून दहा वेळा उठून बसा.