दहा जणांच्या गटाला मिळणारी शिष्यवृत्ती: मुलीने स्वीकारावी का?

प्रश्न

माझी मुलगी शिकागोतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असून तिच्या शाळेने पॉसी फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीसाठी तिचे नाव सुचवले आहे. निवड झाल्यास चारही वर्षांचे शिक्षणशुल्क माफ होते. मात्र शहरातील इतर नऊ जणांसह एकाच महाविद्यालयात जावे लागते. ती त्याच दहा जणांत अडकून पडेल का, ही माझी पहिली शंका. दुसरी अशी, की आमचे उत्पन्न बरे असताना आपण कुणा गरजूची जागा तर अडवत नाही ना?

उत्तर १

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे: ही शिष्यवृत्ती उत्पन्न पाहून दिली जात नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली डेबोरा बायल यांनी ही संस्था सुरू केली, ती एका विद्यार्थ्याच्या बोलण्यावरून. आपली टोळी सोबत असती तर आपण कॉलेज सोडले नसते, असे तो म्हणाला होता. हुशार मुले अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे, तर अनोळखी वातावरणात एकटी पडतात म्हणून परततात, हे त्यातून उमगले आणि पहिला गट व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. म्हणूनच निवडीत केवळ गुण न पाहता गटात काम करताना मूल कसे वागते, हेही पाहतात.

उत्तर २

मी एका महाविद्यालयात अशा गटाचा मार्गदर्शक होतो, त्यामुळे पहिल्या शंकेविषयी लिहितो. पहिली दोन वर्षे आमची दर आठवड्याला बैठक होई आणि प्रत्येकाशी स्वतंत्र भेटही ठरलेली असे. ऑक्टोबरपर्यंत दहाही जण खुर्च्या ओढून एकमेकांना चिकटून बसत, हे खरे. पण पहिल्या परीक्षेत नापास झालेल्या मुलीने ती उत्तरपत्रिका सर्वांत आधी याच टेबलावर ठेवली, पालकांना तर तिने महिनाभर कळवलेही नव्हते. पुढे त्यांतली निम्मी मुले विद्यार्थी संघटनेत, नाटकात रमली आणि बैठकीला उशिरा येऊ लागली, ज्याचा मला (थोडा राग येऊनही) आनंदच होता. दहा जणांचे एकमेकांशी पटतेच असे नाही. आमच्या गटातील दोघे वर्षभर बोलत नव्हते. संस्थेचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के आहे आणि त्यामागे माझ्या मते शुल्कमाफीइतकाच या टेबलाचा वाटा आहे.

उत्तर ३

एक व्यावहारिक बाब: माफी शिक्षणशुल्काची आहे, निवास आणि भोजनाची नव्हे. तो खर्च मोठा असतो, तेव्हा सरकारी आर्थिक साहाय्याचा फाफ्सा अर्ज भरून महाविद्यालयाकडून नेमकी किती मदत मिळेल, हे आधीच विचारा. निवड झाल्यावर त्याच महाविद्यालयाला बांधील राहावे लागते, म्हणून मुलीला जो विषय घ्यायचा आहे तो तिथे शिकवतात की नाही, हेही पाहा. शिवाय जानेवारीपासून प्रवेशापर्यंत दर आठवड्याला प्रशिक्षण असते, त्यामुळे तिची नोकरी किंवा खेळाचा सराव असेल तर वेळ जुळवावी लागेल.

प्रश्नकर्ती

निवास-भोजनाचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. उत्तरपत्रिकेची गोष्ट मुलीला वाचून दाखवली, तिने लगेच विचारले, "पण त्या बैठकीत आईबाबांना बोलावत नाहीत ना?"